माणूस येताच लागणारा दिवा

समजा, वाशिम जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात तुमचे घर आहे. पुढे ओसरी, मग अंगण आणि अंगणापलीकडे गोठा. डिसेंबरच्या रात्री गाय हंबरते म्हणून आजी उठते. एका हातात काठी, दुसऱ्या हातात वैरणीची टोपली. बटण दाबायला हात मोकळा नाही. पण ती ओसरीवरून खाली उतरते न उतरते तोच गोठ्याच्या भिंतीवरचा दिवा आपोआप लागतो. वाट लख्ख दिसते.

पुढे मे महिना येतो. दिवेलागणीनंतर आजी त्याच वाटेने निघते, आणि दिवा लागत नाही! ती अर्धे अंगण ओलांडून अगदी जवळ जाते, तेव्हा कुठे तो लागतो. घरातले म्हणतात, "यंत्र बिघडले." पण पावसाळा सुरू होताच ते पुन्हा पहिल्यासारखे काम करू लागते. मग यंत्र खरोखरच बिघडले होते का? याचे उत्तर शोधण्यासाठी हा दिवा माणसाला कसा 'पाहतो' ते आधी समजून घेऊ.

न दिसणारा प्रकाश

इ. स. १८०० मध्ये विल्यम हर्शेल या शास्त्रज्ञाने सूर्यप्रकाशाचे लोलकाने रंग वेगळे केले आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथेही पारा चढला. यांनाच आपण अवरक्त किरण म्हणतो.

हे किरण केवळ सूर्यच देतो असे नाही. भिंत, दगड, गाय, तुम्ही, आम्ही, सर्वच वस्तू आपापल्या तापमानानुसार अवरक्त किरण बाहेर टाकीत असतात. आपल्या त्वचेचे तापमान सुमारे ३३-३४ अंश सेल्सिअस असते. अशा तापमानाची वस्तू सुमारे ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण सर्वांत जास्त देते. या अर्थाने काळोखातही आपण 'चमकत' असतो. मात्र ती चमक पाहणारा डोळा आपल्याजवळ नाही.

तो डोळा दिव्याच्या यंत्रात असतो. टूर्मलिन नावाचा खडा तापवला की राखेचे कण ओढून घेतो, कारण तापमान बदलताच त्याच्या दोन टोकांवर विरुद्ध विद्युत्भार प्रकट होतात. या गुणधर्माला १८२४ मध्ये डेव्हिड ब्रूस्टर यांनी 'पायरोइलेक्ट्रिक' हे नाव दिले. आपल्या यंत्रात असाच गुण असलेल्या पदार्थाचे, उदाहरणार्थ लिथियम टँटॅलेटचे, दोन चिमुकले तुकडे शेजारी शेजारी बसवलेले असतात. ते उलटसुलट जोडलेले असतात. सगळे अंगण हळूहळू तापले तर दोन्ही तुकडे सारखेच तापतात आणि त्यांचे परिणाम परस्परांना खोडून टाकतात. पण माणूस समोरून आडवा गेला, तर त्याची ऊब आधी एका तुकड्यावर पडते, मग दुसऱ्यावर. त्यामुळे विजेची बारीकशी लाट उठते. यंत्रातील मंडल ती लाट मोठी करते आणि दिवा लावते.

यंत्रावर पांढरे, खाचाखाचांचे प्लॅस्टिकचे झाकण असते. ते केवळ झाकण नव्हे, ती भिंगे आहेत! फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने दीपगृहासाठी जाड भिंगाचे पातळ पायऱ्यांत रूपांतर केले आणि १८२३ मध्ये असे भिंग कोर्दुआँ येथील दीपगृहात बसले. तीच युक्ती येथे आहे. ही अनेक छोटी भिंगे अंगणाचे पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे पाडतात. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की लाट उठते. म्हणूनच यंत्राच्या दिशेने सरळ चालत येणारा माणूस त्याला उशिरा कळतो, आडवा जाणारा लगेच कळतो. स्तब्ध बसलेला तर कळतच नाही, आणि ठरलेल्या वेळाने दिवा विझतो.

मे महिन्याचे कोडे

आता कोडे सुटते का पाहा. हे यंत्र ऊब पाहत नाही, उबेतील फरक पाहते. डिसेंबरच्या रात्री भिंत १५ अंशांवर असेल, तर तुमची त्वचा तिच्यापेक्षा जवळजवळ १९ अंशांनी गरम असते. यंत्राला तुम्ही काळ्या फळ्यावरच्या खडूसारखे स्पष्ट दिसता. मे महिन्यात आपल्याकडे पारा अनेकदा ४० अंशांच्या वर जातो. दिवसभर तापलेली भिंत संध्याकाळी निवत निवत ३३-३४ अंशांवर येते, तेव्हा भिंत आणि माणूस यंत्राला सारखेच! पांढऱ्या भिंतीवर खडूने लिहिल्यासारखे ते होते. यंत्र बिघडलेले नसते. त्याला दिसण्याजोगा फरकच उरलेला नसतो. भिंत आणखी निवली की ते पुन्हा ठीक चालते. आता सांगा, भिंत ४२ अंशांवर असेल तर? तेव्हाही फरक आहे, फक्त उलटा. तापलेल्या भिंतीपुढून जाणारा माणूस यंत्राला 'गार' दिसतो आणि त्याची नोंद होते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. साप शीत रक्ताचा प्राणी आहे. त्याचे तापमान जमिनीसारखेच असते, म्हणून दिवा सापासाठी लागेल अशी आशा धरू नये. दिवा तुमच्यासाठी लागतो आणि मग साप तुम्हाला पाहावा लागतो. मण्यार तर रात्रीच हिंडते. म्हणून दिवा लागल्याशिवाय अंधारात पाऊल टाकायचे नाही. दंश झालाच, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठायचे.

जोडणी कशी असते?

आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची असते. तिला हात लावण्याचे काम परवानाधारक वायरमनचे आहे, तुमचे नव्हे. पण तो काय करतो ते समजून घेणे तुमचे काम आहे.

या यंत्राला तीन वायरी असतात. फेज आणि न्यूट्रल या दोन वायरी यंत्राला स्वतःला जागे ठेवतात. तिसरी वायर दिव्याकडे जाते; माणूस दिसला की यंत्र तिच्यात फेज सोडते. दिव्याची दुसरी बाजू न्यूट्रलला कायम जोडलेली असते. अनेक घरांत बटणाच्या बोर्डात त्या दिव्याचा न्यूट्रल येतच नाही, तो सरळ होल्डरला जातो. म्हणून यंत्र होल्डरजवळ बसवणे सोयीचे पडते. तोडायची ती नेहमी फेज. न्यूट्रल तोडला तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज तशीच राहते आणि दिवा बदलणाऱ्याला झटका बसतो. वायरीच्या रंगावर विश्वास ठेवू नये, कारण जुन्या घरांत रंग अदलाबदल झालेले सापडतात. वायरमन मेन स्विच बंद करतो आणि टेस्टरने खात्री करूनच हात लावतो.

मे महिन्याच्या कोड्यावर उपायही जोडणीतच आहे. यंत्राला समांतर एक साधे बटण ओसरीवर बसवून घ्यावे. यंत्राला दिसेनासे झाले, तरी बटण दाबताच फेज सरळ दिव्याकडे जाते. यंत्र भिंतीवर दोन-अडीच मीटर उंचीवर, चालणारा आडवा जाईल अशा बेताने लावावे. चुलीकडे किंवा दावणीकडे तोंड करून लावू नये, नाहीतर गाईने मान हलवली तरी दिवा लागेल.

बचतीचा हिशेबही प्रामाणिकपणे मांडू. ९ वॅटचा एलईडी दिवा रोज १२ तास जळला, तर ३० दिवसांत ३.२४ युनिटे होतात. यंत्र लावून तो रोज एकच तास जळला, तर ०.२७ युनिट. यंत्र स्वतः अर्धा वॅट खात असेल, तर त्याचे महिन्याचे ०.३६ युनिट धरा. म्हणजे बचत अडीच युनिटांच्या आसपास. जुना ६० वॅटचा दिवा असता, तर रात्रभराचा खर्च २१.६ युनिटे झाला असता. एलईडी दिव्याच्या बाबतीत यंत्राचा खरा फायदा बिलात नाही, आजीच्या पावलापुढच्या उजेडात आहे.

करून पाहा

शाळेच्या प्रयोगशाळेत ५ व्होल्टवर चालणारा असा छोटा संवेदक मिळाला, तर शिक्षकांच्या देखरेखीखाली त्याच्यापुढे काचेची पट्टी धरा आणि हात हलवा. मग काचेऐवजी पातळ प्लॅस्टिकची पिशवी धरा. डोळ्यांना दोन्हींतून दिसते, संवेदकाला मात्र काचेतून दिसत नाही! मग भिंतीला तापमापक टेकवून तापमान लिहा आणि किती मीटरवरून तुमची चाहूल लागते ते मोजा. हे जानेवारीत करा आणि मे महिन्यात पुन्हा करा. दोन्ही आकडे शेजारी मांडले की आजीच्या दिव्याचे कोडे तुमच्याच वहीत सुटलेले दिसेल.