केसांचा चिमटा आणि पिंजऱ्यातले पाखरू

वेणीफणीचा आणि पिंजऱ्यातल्या पाखराचा संबंध काय, असा प्रश्न मथळा वाचून कोणालाही पडेल. मी कला शाखेची विद्यार्थिनी. रसायनशास्त्राची आणि माझी संगत दहावीनंतर सुटली. तरीही हा विषय घेतला, कारण केस सरळ करण्याचा विजेचा चिमटा, म्हणजे स्ट्रेटनर, नाही अशी मैत्रीण हल्ली शोधूनही सापडत नाही, आणि साताऱ्या-सांगलीकडच्या घरांत रंगीत पाखरांचा पिंजराही नवलाचा राहिलेला नाही. पूर्वी वाड्याच्या ओसरीवर मिठूमिया टांगलेला असे. आपल्या रानातले पोपट पाळणे आता वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्यांची जागा मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या बजरीगारांनी आणि कॉकेटिएलनी घेतली. बजरीगारांना लोक सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. पण ते असो.

सांगलीला गावभागात माझी मावशी राहते. तिच्याकडे बजरीगारांची एक जोडी आहे. पिंजरा माजघरात, आरशाच्या शेजारी. आणि आरशाखालीच प्लग. माझी मावसबहीण रोज सकाळी तिथेच केस सरळ करते. "अगं, त्यांना सोबत होते," हे मावशीचे म्हणणे. मला मात्र तो शेजार पाहून धास्ती वाटली, कारण नुकतेच मी टेफ्लॉनविषयी वाचले होते.

टेफ्लॉन म्हणजे पॉलिटेट्राफ्लुओरोएथिलीन. १९३८ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट हा रसायनज्ञ शीतकपाटासाठी लागणाऱ्या वायूवर काम करीत असता ते अचानक हाती लागले. त्याला काही चिकटत नाही, म्हणून ते आपल्या नॉनस्टिक तव्यावर बसले. त्याच गुणामुळे केसही अडकत नाहीत, म्हणून काही स्ट्रेटनरच्या पट्ट्यांवर आणि काही ड्रायरच्या आतल्या भागांवरही त्याचा लेप असतो. नेहमीच्या उष्णतेत हा पदार्थ अगदी गरीब. पण सुमारे २६० अंश सेल्सिअसच्या पुढे तो हळूहळू विघटित होऊ लागतो आणि त्यातून विषारी वायू व अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. त्यांना रंग नाही आणि फारसा वासही नाही. माणसाला ते बाधले तर फ्लूसारखी थंडी वाजून ताप येतो आणि एकदोन दिवसांत बहुधा उतरतो. पाखरू मात्र काही मिनिटांत मरू शकते.

असे का व्हावे? आपण श्वास आत घेतो आणि त्याच वाटेने बाहेर सोडतो. फुप्फुसात थोडी शिळी हवा नेहमीच उरते. पक्ष्यांची रचना निराळी. त्यांच्या फुप्फुसांना बहुधा नऊ वायुकोश जोडलेले असतात. ते भात्यासारखे काम करतात आणि फुप्फुसातल्या बारीक नळ्यांतून हवा एकाच दिशेने खेळवत ठेवतात. श्वास आत जाताना आणि बाहेर येतानाही फुप्फुसाला ताजी हवा मिळते. शिवाय हवा आणि रक्त यांमधला पडदा आपल्यापेक्षा फार पातळ. उडण्यासाठी लागणारा प्राणवायू त्यामुळेच पुरतो. पण ज्या वाटेने प्राणवायू झपाट्याने जातो त्याच वाटेने विषही जाते. त्यात बजरीगाराचे वजन ते किती? तीस-चाळीस ग्रॅम!

ही गोष्ट खाणकामगारांनी फार पूर्वी उपयोगात आणली. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींत कॅनरी पक्षी नेऊ लागले. कार्बन मोनॉक्साइड वायू असला की पाखरू आधी कोसळे आणि माणसे बाहेर पळत. १९८६ पर्यंत ही पद्धत चालू होती. (याच हाल्डेनचे चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन पुढे भारतात आले आणि भुवनेश्वरला वारले.)

आता हिशेब करू. स्ट्रेटनर साधारण १५० ते २३० अंशांपर्यंत तापतो, म्हणजे धोक्याच्या रेषेपासून तीसेक अंश खाली. यंत्र चांगले असेल तर ठीक. पण तापमान आवरणारा भागच बिघडला, किंवा स्वस्तातल्या चिमट्यात तो धड नसलाच, तर हे तीस अंश ओलांडायला वेळ लागत नाही. ड्रायरची गोष्ट आणखी वेगळी. त्यातली तार लालबुंद होते, आणि मागची जाळी केसांनी व धुळीने तुंबली की आतली उष्णता बाहेर पडत नाही. तुलनेने सर्वांत मोठा गुन्हेगार स्वयंपाकघरातच आहे. गॅसवर रिकामा विसरलेला नॉनस्टिक तवा काही मिनिटांतच २६० च्या वर जातो. परदेशांत पाळीव पाखरे दगावल्याच्या नोंदी बहुतेक अशा भांड्यांच्याच आहेत.

आपल्या भागाला जवळची अशीही एक नोंद आहे. अमेरिकेत टेफ्लॉनचा लेप असलेले उष्णतेचे बल्ब कोंबड्यांच्या खुराड्यात लावले, आणि तीन दिवसांत निम्म्याहून अधिक पिल्ले मेली. २००० साली हे शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. विट्याकडच्या पोल्ट्रीवाल्यांनी पिल्लांना ऊब देणारे बल्ब घेताना हे विचारून घ्यावे असे मला वाटते.

लेप नसला तरी प्रश्न मिटत नाही. आपण मुली डोक्याला खोबरेल चोपडतो, आणि घाण्याचे खोबरेल पावणेदोनशे अंशांच्या सुमारास धूर सोडू लागते. तेलकट केसांवर तापलेला चिमटा फिरला की तोच धूर. केस सरळ करण्याच्या काही द्रवांतून तर तापल्यावर फॉर्मॅल्डिहाइड निघते. साताऱ्यात एका दुकानात मी विचारले, "यावर लेप कशाचा?" दुकानदाराने खोके फिरवून दाखवले; वर नुसते 'सिरॅमिक कोटिंग'. सिरॅमिकच्या नावाखाली टेफ्लॉन मिसळलेले असू शकते, तेव्हा त्या शब्दावर मी तरी विसंबणार नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: पाखराच्या खोलीत ही हत्यारे नकोतच. दार लावून दुसऱ्या खोलीत, खिडकी उघडून वापरावीत. साताऱ्याच्या पावसात खिडक्या महिनोन्‌महिने बंद राहतात, तेव्हा तर अधिकच जपावे. मावशीने पिंजरा आता मागच्या सोप्यात हलवला आहे. मावसबहिणीला ते पटलेले नाही. सोप्यात मांजर येते, म्हणून पिंजरा उंच टांगावा लागला.

पाखरू चोच उघडी टाकून धापा टाकू लागले, शेपटी वरखाली हलवू लागले किंवा दांडीवरून खाली पडले, तर आधी त्याला मोकळ्या हवेत न्यावे, मग पशुवैद्यांना फोन करावा आणि कोणते यंत्र चालू होते ते नेमके सांगावे. आपल्या जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. पण या विषावर उतारा नाही, आणि साताऱ्याहून शिरवळला पोहोचेपर्यंत बजरीगाराजवळ तेवढा वेळ नसतो.