तिरका उभा, सरळ खेळला

ब्रिजटाऊनची 1997ची कसोटी म्हटली की आपल्याकडे दोन आकडे निघतात, 120 आणि 81. जिंकायला 120 हव्या होत्या आणि सचिनच्या संघाचा डाव 81वर आटोपला. सचिनच्या कर्णधारपदाचा विषय निघाला की अजूनही गाडी याच सामन्यावर येऊन थांबते. या सगळ्यात तिसरा आकडा मात्र कुणाच्या लक्षात राहिला नाही. वेस्ट इंडीजच्या पहिल्या डावातल्या 298 धावांपैकी 137 शिवनारायण चंदरपॉलच्या होत्या आणि तो शेवटपर्यंत नाबाद होता. त्याआधी अर्धशतकं ढीगभर झाली होती, शतक एकही नव्हतं. ते त्याचं कसोटीतलं पहिलं शतक. लक्षात न राहण्याची सुरुवात पहिल्या शतकापासूनच झाली म्हणायची.

गयानाच्या किनाऱ्यावरचं युनिटी हे कोळ्यांचं गाव, तिथला हा मुलगा. पूर्वज उसाच्या मळ्यांवर राबायला हिंदुस्थानातून गेलेले. मार्च 1994मध्ये घरच्या बुर्डा मैदानावर इंग्लंडविरुद्ध तो पहिली कसोटी खेळला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, अंगानं किरकोळ. पहिल्याच डावात 62 केल्या. त्याच मालिकेत पुढे अँटिगात ब्रायन लाराने 375 करून सोबर्सचा विक्रम मोडला. त्या वेळी समोरच्या टोकाला चंदरपॉल 75 धावांवर नाबाद उभा होता. फोटो अर्थातच लाराचे निघाले.

त्याचं उभं राहणं ज्यांनी पाहिलं नाही त्यांना ते सांगून पटवणं अवघड आहे. क्रीजवर आला की तो यष्टीवरची एक बेल उचलायचा, ती जमिनीवर टेकवायचा आणि बॅटच्या मुठीने ठोकून गार्डची खूण करायचा. डोळ्यांखाली काळ्या पट्ट्या. मग उजवा पाय लेगच्या बाजूला एवढा उघडायचा, की छाती सरळ गोलंदाजासमोर यायची. डावखुऱ्या फलंदाजाची छाती पॉइंटकडे असते, याची पंचांशी गप्पा मारायला उभं राहिल्यासारखी! समालोचकांनी त्याला खेकडा म्हणून घेतलं, आणि ते काही कौतुकानं नव्हतं.

पण चित्रण संथ करून बघा. चेंडू सुटायच्या सुमारास डावा पाय मागे आणि ऑफकडे सरकतो, पाठोपाठ उघडा ठेवलेला उजवा पाय आत येतो, आणि चेंडू बॅटवर येईपर्यंत हा गृहस्थ जवळजवळ पुस्तकात दाखवतात तसा उभा असतो. डोकं स्थिर, हात सैल, चेंडू थेट डोळ्यांखाली. खेळतो तोही इतका उशिरा, की यष्टिरक्षकानं हात पुढे करावेत. सुरुवातीच्या वर्षांत तो इतका उघडा उभा राहत नसे. जसजशी वर्षं गेली तसतसा पाय बाहेर गेला, म्हणजे हे लहानपणी लागलेलं वळण नव्हतं. दोन्ही डोळ्यांनी गोलंदाज नीट दिसावा म्हणून त्यानं ते घडवत नेलं. आपल्याकडे मैदानावर पोराला पहिल्या दिवशी शिकवतात ते कसं उभं राहायचं. डावं कोपर वर, खांदा गोलंदाजाकडे. गावसकर-तेंडुलकरांच्या मुंबईत ते शिकवणारच. मात्र ही सगळी खटपट चेंडू बॅटला लागतो त्या क्षणासाठी असते, आणि चंदरपॉलचा तो क्षण गावसकरच्या इतक्या जवळ होता की तिथवरच्या प्रवासाबद्दल तक्रार कशाला करायची?

2002च्या मोसमात ही तक्रार करायची सोय आपल्या गोलंदाजांना उरली नाही. जॉर्जटाऊनला 140. पोर्ट ऑफ स्पेनला आपण जिंकलो, अवघ्या 37 धावांनी, आणि हा एका टोकाला 67वर नाबाद राहिला. ब्रिजटाऊनला नाबाद 101. सेंट जॉन्सला नाबाद 136. हीच ती कसोटी, जिच्यात कुंबळे मोडलेला जबडा बांधून गोलंदाजीला उतरला. कुंबळेचा तो फोटो घराघरांत पोचला. त्याच डावात अखेरीस यष्टिरक्षक रात्रासह अकराच्या अकरा भारतीयांनी चेंडू टाकून पाहिले, याला मोठा हातभार चंदरपॉलचा. पोर्ट ऑफ स्पेनच्या दुसऱ्या डावापासून जमैकाच्या पहिल्या डावात 58वर बाद होईपर्यंत तो 25 तासांहून जास्त वेळ कुणालाही बाद करता आला नाही. मालिकेत 562 धावा, आणि मालिका त्यांनी 2-1 अशी जिंकली.

नुसतं चिकटून राहणं हीच त्याची कला, असा समज पसरायला लागला होता. पुढच्याच वर्षी जॉर्जटाऊनला ऑस्ट्रेलियाविरुद्ध निम्मा संघ स्वस्तात परतल्यावर त्यानं 69 चेंडूंत शतक ठोकलं. कसोटीतलं ते तोवरचं तिसरं वेगवान शतक. त्याच मालिकेत अँटिगाला चौथ्या डावात 418चा पाठलाग झाला, आजही तो विक्रम आहे. त्यात सरवानच्या 105 होत्या आणि याच्या, दुखावलेल्या बोटानं काढलेल्या, 104. एप्रिल 2008मध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या एकदिवसीय सामन्यात शेवटच्या दोन चेंडूंवर दहा हव्या होत्या, समोर चामिंडा वास, जोडीला शेवटचा गडी. पहिल्यावर चौकार, दुसऱ्यावर षटकार. पाय तेव्हाही तसाच उघडा.

मग त्याला थोर म्हणताना लोक का अडखळतात? एक कारण खरं आहे, ते झाकू नये. तो बहुतेक पाचव्या-सहाव्या क्रमांकावर खेळला. संघ मोडकळीला आलेला असताना, तिसऱ्या क्रमांकावर कोवळी पोरं गारद होत असताना, सर्वात भक्कम माणसानं मागे थांबावं का, हा प्रश्न तिकडच्या लोकांनी अनेकदा विचारला. 280 डावांत तो 49 वेळा नाबाद राहिला, त्यात काहींना स्वार्थ दिसला. मला त्यात जास्त दिसतात ती समोरच्या टोकाला पटापट बाद झालेली माणसं. तरी वरच्या क्रमांकाची जबाबदारी त्यानं आणखी घ्यायला हवी होती, एवढं मी मान्य करतो. दुसरं कारण निव्वळ देखणेपणाचं. लाराचा कव्हर ड्राइव्ह पाहिलेल्या डोळ्यांना हा कसा आवडणार!

ब्रॅडमनची बॅटही सरळ मागे न जाता गलीच्या दिशेनं उचलली जायची. बाऊरलच्या घरी पाण्याच्या टाकीच्या बैठकीवर गोल्फचा चेंडू मारायचा आणि उडून येणारा चेंडू स्टंपनं टोलवायचा, त्यातून ते वळण आलेलं. स्टीव्ह स्मिथ 2010मध्ये लॉर्ड्‌सवर लेगस्पिनर म्हणून आला आणि आठव्या क्रमांकावर खेळला. 2019च्या ॲशेसमध्ये त्याच्या 774 झाल्यावर त्याच्या क्रीजवरच्या नाचाला कुणी दोष म्हणेना. आधी धावा, मग क्षमा, हा क्रम सगळ्यांच्या वाट्याला येतो. चंदरपॉलला फक्त क्षमा उशिरा मिळाली.

2008मध्ये सबाइना पार्कवर ब्रेट लीचा बाउन्सर हेल्मेटच्या मागच्या बाजूला बसला. तो 86वर होता. खाली कोसळला तो हालेना. काही वेळानं उठला, पुन्हा गार्ड घेतलं आणि 118पर्यंत गेला. त्या वर्षी आयसीसीनं त्याला वर्षातला सर्वोत्तम क्रिकेटपटू ठरवलं. नोव्हेंबर 2013मध्ये वानखेडेवर सचिनची दोनशेवी आणि अखेरची कसोटी झाली तेव्हा सगळी मुंबई लोटली होती. चंदरपॉलची ती दीडशेवी कसोटी होती, हे स्टेडियममधल्या किती जणांना ठाऊक होतं कोण जाणे. आणि त्या तीन दिवसांत ते ठाऊक असायची अपेक्षाही गैरच.

2015च्या उन्हाळ्यात निवड समितीनं त्याला ऑस्ट्रेलियाविरुद्ध निरोपाची मालिकाही दिली नाही. 164 कसोट्या, 30 शतकं, 51ची सरासरी आणि 11,867 धावा. लाराच्या 11,953 पासून 86 कमी. त्याच्या धावा आटल्या होत्या हे खरं. पण एकवीस वर्षं एक टोक सांभाळणाऱ्याला दोन सामने जास्त दिले असते तर त्या संघाचं आणखी काय बिघडलं असतं? 2016च्या जानेवारीत त्यानं निवृत्ती जाहीर केली, आणि 2022मध्ये आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं.

त्याचा मुलगा तेजनारायणही डावखुरा, सलामीला येतो. बापाची चिकाटी त्यानं घेतली, उभं राहणं मात्र फारसं उचललं नाही, तो बराचसा सगळ्यांसारखाच उभा राहतो. फेब्रुवारी 2023मध्ये बुलावायोला झिम्बाब्वेविरुद्ध त्यानं नाबाद 207 केल्या. वडिलांच्या सर्वोच्च 203 पेक्षा चार जास्त.