जंगलातील उंदीर जिवंत का धरावे लागतात?

तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली माकडे मरू लागली आणि पाठोपाठ रानात जाणाऱ्या माणसांना तीव्र तापाने गाठले. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्या तापाचा विषाणू शोधून काढला. हा माकडताप गोचिडींमार्फत पसरतो. २०१६ साली तो सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यातही आढळला.

सर्वांचे लक्ष माकडाकडे जाते. परंतु या गोचिडीची पिल्ले रानउंदीर, चिचुंद्री, खार अशा लहान प्राण्यांचे रक्त पिऊन वाढतात व पूर्ण वाढलेली गोचीड गुरांच्या अंगावर चढते. म्हणूनच अभ्यासकांना सह्याद्रीच्या दाट रानात हे प्राणी जिवंत पकडावे लागतात.

त्यासाठी पत्र्याचे किंवा जाळीचे, झडप असलेले पिंजरे वापरतात. भाजलेले शेंगदाणे, खोबरे अथवा सुकट आमिष म्हणून ठेवून ते सायंकाळी बिळांपाशी व पडलेल्या ओंडक्यांच्या कडेला लावतात. जागा सापडावी म्हणून जवळच्या फांदीस चिंधी बांधतात. दिवस उगवताच पिंजरे पाहणे अत्यावश्यक असते. घाटावरील थंडीने किंवा मुंग्यांमुळे अडकलेला प्राणी मरतो, आणि देह थंड पडू लागला की गोचिडी त्यास सोडून जातात. उंदीर हाती येतो. ज्यासाठी तो धरला ते निसटलेले असते! जिवंत प्राण्यास कापडी पिशवीत घेऊन, गुंगी देऊन, पांढऱ्या थाळीवर त्याचे केस विंचरतात व थोडे रक्त काढून घेतात. हे काम हातमोजे घालूनच करावयाचे असते.

रिकाम्या पिंजऱ्यांचीही नोंद होते. शंभर पिंजरे एक रात्र लावले म्हणजे शंभर सापळारात्री, व त्यांत किती प्राणी सापडले यावरून रानातील त्यांचे प्रमाण ताडतात. एखाद्या गुराख्याने गंमत म्हणून चार झडपा पाडल्या तरी हा हिशेब चुकतो. यास्तव पथक येण्यापूर्वीच ग्रामपंचायत अधिकाऱ्याने गावास कल्पना द्यावी. रानात विष घालून उंदीर मारण्याचा विचारही कोणी करू नये. त्यांच्या अंगावरील उपाशी गोचिडी पाल्यातच राहतील.

डिसेंबर ते मे या काळात धोका अधिक असतो. पालापाचोळा व सरपण आणावयास जाताना अंगभर कपडे घालावेत, परतल्यावर अंग तपासून गरम पाण्याने स्नान करावे. मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता प्राथमिक आरोग्य केंद्रास तत्काळ कळवावे. त्याच्या अंगावरील गोचिडी एव्हाना उतरून भोवतालच्या पाल्यात पसरलेल्या असतात.