पवईचें पाणी आणि कुर्ल्याची आगगाडी

पवईच्या टेकड्यांवर पावसाची सर कोसळली, तर कुर्ल्याच्या आगगाडीशीं तिचा काय संबंध, असा प्रश्न कोणासही पडेल. परंतु विहार आणि पवई या दोन तलावांचें ओसंडणारें पाणी मिठी नदींत येतें. ती नदी कुर्ला व शीव यांच्या दरम्यान मध्य रेल्वेच्या रुळांखालून वाहते आणि पुढें माहीमच्या खाडीस मिळते. म्हणून पवईस पडलेल्या पावसाचा हिशेब कांहीं तासांनीं कुर्ल्याच्या फलाटावरील उतारूस द्यावा लागतो. रेल्वेची विश्वसनीयता कशांत असते, हें समजण्यास याहून जवळचें उदाहरण नाहीं.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास उतारूंची पहिली गाडी निघाली. अंतर सुमारें ३४ किलोमीटर, डबे १४, पाहुणे सुमारें ४००, आणि एंजिनें तीन : साहिब, सिंध व सुलतान. ही वाट शीवच्या दलदलींतून नेतांना मातीचा भराव घालावा लागला. भरावानें रूळ पाण्याच्या वर राहतात हें खरें, पण भराव म्हणजे पाण्याच्या वाटेंत घातलेला बांधही होय. त्यांतून पाणी जाण्यास मोऱ्या व पूल ठेवावे लागतात. त्या काळीं भोंवतालचीं भातखाचरें आणि मिठागरें बरेंचसें पाणी सामावून घेत. वस्ती वाढली, ती मोकळी जागा आटली; मोऱ्यांवरचा भार मात्र वाढला. त्यांत भरतीची वेळ असली म्हणजे खाडी पाणी घेत नाहीं, आणि नदी मागें फुगते. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशीं लोकल गाड्या जागच्या जागीं थांबल्या आणि लाखों माणसें रात्रभर घराबाहेर राहिलीं.

पाणी साचलें म्हणजे गाडी कां थांबते? रुळांखालची खडी भार पसरते व पाणी निथळूं देते. तिच्यांत चिखल भरला कीं तो गुण नाहींसा होतो. दुसरें असें कीं, पुष्कळ ठिकाणीं रुळांतून विजेचा क्षीण प्रवाह सोडलेला असतो. गाडीचीं चाकें त्या रुळांवर आलीं म्हणजे तो प्रवाह मधेंच वळतो व मार्ग अडलेला आहे असें सिग्नलास कळतें. रूळ पाण्यांत बुडाले तर ही व्यवस्था भांबावते आणि सिग्नल लाल होतो. संशय आल्यास थांबावें, हाच त्या रचनेचा नियम. उतारूस जो खोळंबा वाटतो, तो पुष्कळदां त्याच्या जिवाचें रक्षणच असतें.

निसर्गाकडे दुर्लक्ष झाल्यास काय होतें, हें कोकणानें पाहिलें आहे. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजीं सबंध खुली झाली. २२ जून २००३ रोजीं वैभववाडीजवळ दरड रुळांवर आली, गाडी घसरली आणि पन्नासांहून अधिक माणसें दगावलीं. दुसऱ्याच वर्षीं जूनमध्यें करंजाडीजवळ पुन्हां तसाच घात झाला. त्यानंतर दरडींचे उतार कमी करणें, त्यांवर जाळ्या बसविणें, पावसाळ्यांत रात्रंदिवस गस्त घालणें आणि गाड्यांचा वेग उतरविणें, हे उपाय अंगीकारले गेले. म्हणूनच त्या मार्गाचें पावसाळी वेळापत्रक निराळें असतें.

जपानांत भूकंप व तुफानें नित्याचीं. तरीही १ ऑक्टोबर १९६४ पासून धांवणाऱ्या तोकियो-ओसाका शिंकान्सेन गाडीवर रूळ घसरून किंवा टक्कर होऊन एकही उतारू मेलेला नाहीं. तिचे रूळ स्वतंत्र. त्यांवर मालगाडी नाहीं, रस्त्याचें फाटक नाहीं, आणि मध्यरात्रीनंतर गाड्या बंद ठेवून रोज डागडुजी होते. स्वित्झर्लंडांत वेळापत्रकांतच थोडी सवड राखलेली असते, म्हणजे एका गाडीचा उशीर दुसरीस बाधत नाहीं. मुंबईंत मात्र उपनगरी गाडी आणि लांब पल्ल्याची गाडी कित्येक ठिकाणीं एकाच रुळांवरून जातात. दुरुस्तीस रात्रीचे थोडे तास, आणि त्याखेरीज रविवारचा मेगाब्लॉक. त्या रविवारीं घरांतून निघतांना कपाळास आठ्या घालणाऱ्यानें एवढें ध्यानांत घ्यावें कीं, ते कांहीं तास म्हणजेच सोमवारची गाडी होय.

आषाढाच्या आधीं कुर्ल्याची मोरी उपसली गेली कीं नाहीं, पवईच्या उतारावरून मिठी नदींत प्लॅस्टिक वाहून आलें कीं काय, याकडे कोणी उत्सुकतेनें पाहत नाहीं. नव्या गाडीचा रंग सर्व पाहतात. परंतु कामावरून परतणाऱ्या माणसाची वाट पाहत बसलेल्या घराच्या दृष्टीनें त्या मोरीचें मोल अधिक आहे.