टरफलाची हाडं आणि तांब्याचे कण

ऑम्लेट करताना टरफल आपण सरळ कचऱ्यात टाकतो. पण त्याच अंड्यात पिल्लू वाढलं असतं, तर एकविसाव्या दिवशी त्याच्या हाडांतलं सुमारे ८० टक्के कॅल्शियम या टरफलातून आलेलं असतं! दहाव्या-बाराव्या दिवसापासून टरफलाला आतून चिकटलेला रक्तवाहिन्यांचा पातळ पडदा तिथला चुना विरघळवून गर्भाला पोचवू लागतो.

जस्त, तांबं, मँगनीज मात्र मुख्यतः बलकातून येतात, आणि सतराव्या दिवसापर्यंत तो डबा जवळजवळ रिकामा होतो. हाडं तर तेव्हाच भराभर वाढत असतात.

आपल्या कोसाडच्या पोरांना नवापूर ठाऊक आहे ते अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत असलेल्या स्टेशनामुळे. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तिथेच सापडला होता. माझ्या मामेभावाची त्या बाजूला ब्रॉयलरची शेड आहे. त्याचं रोजचं दुखणं वेगळं: लंगडे पक्षी. पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचा झालेला पक्षी पायांना पेलत नाही. तो बसून राहतो, दाण्या-पाण्यापर्यंत पोचत नाही, आणि तोटा मालकाचा.

मग बाहेरून खनिज द्यायचं, तेही अंड्यातच, असा विचार पुढे आला. पोलंडमध्ये वॉर्साच्या संशोधकांनी तांब्याचे नॅनोकण अंड्यात टोचून पाहिले. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. २०१७ मध्ये त्यांनी नोंदवलं की अशा पिल्लांची मांडीची हाडं वाढल्यावर अधिक वजनदार आणि मोडायला अवघड निघाली. मला यात नवल कमी वाटतं. आपल्या हाडांतले खनिजाचे स्फटिकही मुळात नॅनो आकाराचेच असतात.

पण बंद अंड्यात घातलेलं बाहेर जायला वाट नसते. गर्भाची घाणसुद्धा आतल्याच एका पिशवीत साठते. तांबं जास्त झालं तर विष, म्हणून मात्रेवरच सगळं अडतं. (अशा गर्भांचा अभ्यास आपल्याला नवा नाही. पुणे विद्यापीठात लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या गर्भावर संशोधन करणारी पिढी घडवली.)

"ताई, सुई टोचल्यावर अंडं नासत नाही का?" भावाने विचारलं. मोठ्या हॅचरीत अठराव्या दिवशी यंत्राने अंड्यातच लस टोचतात, हे सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, "मग तांब्याचा हिशेब कोण करणार, हॅचरीवाला की मी?"