धाग्याच्या कड्या आणि कापसाचा भाव

धर्माबादच्या परिसरातील शेतकरी कापूस पिकवतो; परंतु बाजारातून अंगावर घालण्यासाठी तो जे कापड आणतो, त्यात पुष्कळदा पॉलिएस्टरचा वाटा असतो. हे पॉलिएस्टर कशाचे बनते, हा प्रश्न केवळ रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकापुरता नाही. कापसाच्या भावाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

वस्तुतः कापूस काय किंवा पॉलिएस्टर काय, दोहोंचे तंतू म्हणजे लहान रेणूंच्या दीर्घ साखळ्याच होत. कापसाच्या साखळीतील कडी ग्लुकोजची. ती ऊन, पाणी व हवा यांच्या बळावर झाड स्वतः गुंफते. १९४१ साली व्हिनफील्ड व डिक्सन या ब्रिटिश रसायनज्ञांनी शोधलेल्या पॉलिएस्टरच्या कड्या दोन: टेरेफ्थॅलिक आम्ल आणि एथिलीन ग्लायकोल. दोन्ही मुख्यतः खनिज तेलापासून मिळतात. त्यांचा संयोग होताना पाणी बाहेर पडते, साखळी वाढत जाते आणि वितळलेला पदार्थ सूक्ष्म छिद्रांतून दाबून काढला की धागा तयार होतो. रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा येथे रिलायन्सचा असा कारखाना १९८२ मध्ये सुरू झाला. पुढे टेरेफ्थॅलिक आम्लही तेथेच बनू लागले. कडीपासून धाग्यापर्यंतचा सारा मार्ग एकाच हाती आला.

कापूस उत्पादकाचा मार्ग मात्र सरकीसकट कापूस विकण्यापाशीच संपतो. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून कृत्रिम तंतूंवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, आणि कापसाला करातील फरकाने मिळणारा आडोसा नाहीसा झाला. गरिबाला स्वस्त व टिकाऊ कापड मिळावे, याबद्दल दुमत नाही. म्हणून कर पुन्हा वाढवा, अशी मागणी करणे योग्य ठरणार नाही.

कापसाने स्वतःच्या गुणावर उभे राहावे. प्रमाणित हवेत कापूस सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर अवघा ०.४ टक्का. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात या फरकाचे मोल कोणालाही सांगावे लागत नाही. परंतु गुणाचे मोल पदरात पडण्यासाठी सूत आणि कापडही येथेच निघाले पाहिजे. नांदेडची उस्मानशाही गिरणी बंद पडली. ती उणीव भरून काढल्याशिवाय केवळ हमीभावाच्या चर्चेने शेतकऱ्याचे हित साधणार नाही.