परवाना आणि शाळेचे आवार : शैक्षणिक संस्थांमधील परवानाधारक अग्निशस्त्रांविषयीच्या कायद्याचे विवेचन

गोषवारा

परवानाधारक व्यक्तीला आपले अग्निशस्त्र शाळा-महाविद्यालयाच्या आवारात नेता येते काय, या प्रश्नाचे उत्तर भारतात शस्त्र अधिनियमाच्या कलमांत नव्हे, तर परवान्याच्या नमुन्यातील एका अटीत सापडते. प्रस्तुत लेखात या अटीचा अर्थ, तिचे अपवाद, तिच्या भंगाचे परिणाम आणि तिच्या मर्यादा यांचे रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात विवेचन केले आहे. संस्थाप्रमुखाची संमती या अटीला पर्याय ठरू शकत नाही, तसेच ही अट केवळ परवानाधारकाला बांधत असल्याने संस्थांनी स्वतःची व्यवस्था उभी करणे आवश्यक आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : शस्त्र अधिनियम १९५९, परवान्याच्या अटी, शैक्षणिक आवार, शेतीसंरक्षण, जिल्हादंडाधिकारी.

१. प्रस्तावना

कोकणात बंदूक ही प्रामुख्याने शेती-बागायतीच्या राखणीशी जोडलेली वस्तू आहे. भातशेतीत घुसणारी रानडुकरे आणि आंबा-काजूच्या बागांची नासधूस करणारी वानरे यांच्यापासून पिकाचे रक्षण करण्यासाठी शेतकरी परवाना घेतात. या गरजेची दखल कायद्यानेही घेतली आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३(३) मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे, आणि अशी बंदूक पुरेशी नाही असे परवाना प्राधिकाऱ्याचे समाधान झाल्यास अन्य गुळगुळीत नळीच्या बंदुकीचाही परवाना देता येतो. पिढ्यान्पिढ्या भिंतीवर टांगलेली बंदूक पाहत आलेल्या समाजाला तिच्यात काही वावगे वाटत नाही.

याच जिल्ह्यात वाडीवाडीवर शाळा आहेत. अनेक शाळांभोवती भक्कम कुंपण नसते. कोठे गुडघाभर जांभ्याचा गडगा असतो, तर कोठे बागेकडे जाणारी पायवाट पटांगणाच्या कडेनेच जाते. गावाच्या सभा शाळेच्या वर्गात भरतात आणि मतदानही तेथेच होते. म्हणजे आपल्याकडे परवान्याची बंदूक आणि शाळा यांच्यातील अंतर फारसे नाही. असे असूनही या विषयावरील कायद्याची माहिती प्राचार्य, मुख्याध्यापक आणि स्वतः परवानाधारक यांना अभावानेच असते. ती उणीव काही अंशी भरून काढणे, हा या लेखाचा उद्देश आहे.

२. कायद्याची मूळ चौकट

ब्रिटिश राजवटीतील १८७८ चा शस्त्र कायदा युरोपीय आणि भारतीय यांच्यात भेद करणारा होता, आणि त्यात बदल व्हावा ही मागणी काँग्रेसच्या प्रारंभीच्या अधिवेशनांतून मांडली गेली. स्वातंत्र्यानंतर त्याची जागा १९५९ च्या अधिनियमाने घेतली. त्याखालील १९६२ चे नियम दीर्घकाळ अमलात होते. २०१६ मध्ये त्यांच्या जागी नवे शस्त्र नियम आले.

अधिनियमाच्या कलम ३ नुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगता येत नाही. कलम ९ नुसार २१ वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला ते बाळगण्यास मनाई आहे. विहित अटींखाली प्रशिक्षणापुरता वापर हा त्यास अपवाद आहे. परवाना हा हक्क नसून राज्याने सशर्त दिलेली मुभा आहे, हे या रचनेचे मूलतत्त्व होय. शस्त्र बाळगण्याचा मूलभूत अधिकार अमेरिकेप्रमाणे आपल्या राज्यघटनेत नाही, याकडे सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये लक्ष वेधले आहे.

मुभा सशर्त असल्याने शर्तींना कायद्याइतकेच महत्त्व येते, आणि आपल्या विषयाचे उत्तर या शर्तींतच आहे. वैयक्तिक संरक्षण, खेळ इत्यादींसाठी दिल्या जाणाऱ्या परवान्याच्या नमुन्यातील एका अटीचा आशय असा : परवानाधारकाने शस्त्र केवळ परवान्यात नमूद हेतूसाठी आणि सद्भावनेनेच बरोबर न्यावे, तसेच जिल्हादंडाधिकाऱ्याने विशेष प्राधिकार दिला नसेल तर ते जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, अन्य सार्वजनिक जमावात अथवा कोणत्याही शैक्षणिक संस्थेच्या आवारात वा परिसरात नेऊ नये. १९६२ च्या नियमांतील नमुन्यात असलेली ही अट नव्या नियमांतही कायम आहे.

३. अटीचा अर्थ

या अटीतून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, ही मनाई 'कोणत्याही' शैक्षणिक संस्थेला लागू आहे. जिल्हा परिषदेची शाळा, खाजगी विद्यालय, महाविद्यालय असा भेद तीत नाही. दुसरी, शस्त्र भरलेले आहे की रिकामे, उघडे आहे की म्यानात, हा प्रश्न येथे गौण आहे. ते आवारात नेणे हाच अटीचा भंग होय. तिसरी आणि व्यवहारात सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की अपवाद करण्याचा अधिकार केवळ जिल्हादंडाधिकाऱ्याला आहे. प्राचार्य, संस्थाचालक किंवा स्नेहसंमेलनाचे आयोजक यांनी दिलेली संमती कायद्याच्या दृष्टीने निरर्थक ठरते.

शेतीसंरक्षणाच्या परवान्यात तर हेतू आणि क्षेत्र आधीच आखलेले असते. बागेकडे निघालेला शेतकरी शाळेजवळच्या सार्वजनिक वाटेने बंदूक घेऊन पुढे गेला, तर त्यास आवारात शस्त्र नेले असे म्हणणे वाजवी होणार नाही. मात्र तोच शेतकरी शाळेच्या पडवीत विसाव्याला बसला, किंवा वर्गात भरलेल्या ग्रामसभेस बंदुकीसह उपस्थित राहिला, तर परिस्थिती बदलते. तेथे पीकसंरक्षणाचा हेतू उरत नाही. 'परिसर' या शब्दाची काटेकोर सीमा अटीत आखलेली नसल्याने, जेथे कुंपण नाही तेथे शाळेची हद्द कोठे संपते, हा वादाचा मुद्दा होऊ शकतो.

४. अपवाद

अधिनियमाच्या कलम ४५ नुसार लोकसेवकाने आपल्या कर्तव्याच्या ओघात शस्त्र बाळगण्यास हा कायदा लागू होत नाही. त्यामुळे बंदोबस्तावरील पोलीस किंवा मंत्र्यासमवेत आलेला शासकीय अंगरक्षक यांना ही मनाई नाही. याच कलमात राष्ट्रीय छात्रसेनेच्या सदस्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. १९४८ च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या छात्रसेनेचे छात्र महाविद्यालयाच्या मैदानावर रायफलीसह कवायत करतात, ते या अपवादाच्या आधारे.

परंतु दोन्ही ठिकाणी 'कर्तव्याच्या ओघात' ही मर्यादा आहे. पालक म्हणून शाळेत आलेला आणि स्वतःच्या वैयक्तिक परवान्याचे पिस्तूल कमरेला लावलेला पोलीस अधिकारी या अपवादात बसत नाही. तसेच प्रमुख पाहुण्यांसोबत येणारा खाजगी सशस्त्र रक्षक हा लोकसेवक नव्हे. त्याच्याजवळील शस्त्र परवान्यावरच असते आणि परवान्याच्या अटी त्यालाही बांधतात. पाहुण्यांच्या प्रतिष्ठेपुढे आयोजकांना ही गोष्ट सांगणे अवघड जाते. म्हणून ती निमंत्रणाच्या वेळीच कळवणे श्रेयस्कर.

एअर रायफलची स्थिती निराळी आहे. २०१६ च्या नियमांनुसार २० जूलपेक्षा अधिक ऊर्जेच्या किंवा ०.१७७ इंचापेक्षा मोठ्या नळीच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागतो. त्याखालील साधनांना परवाना नसल्याने परवान्याची अटही लागत नाही. नेमबाजीचे वर्ग चालवणाऱ्या संस्थांना येथे स्वतःच्या शिस्तीवरच अवलंबून राहावे लागते.

५. भंगाचे परिणाम : एक विसंगती

परवान्याच्या अटीचा भंग केल्यास कलम ३० नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय कलम १७ नुसार परवाना प्राधिकारी परवाना निलंबित अथवा रद्द करू शकतो. याखेरीज महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खाली वेळोवेळी निघणाऱ्या मनाई आदेशांनीही सार्वजनिक ठिकाणी शस्त्र नेण्यावर निर्बंध येतात. परंतु ते ठराविक मुदतीचे असतात.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १३४-ब नुसार मतदानाच्या दिवशी मतदान केंद्राच्या आसपास सशस्त्र जाणे हा दोन वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे. दोष सिद्ध झाल्यास शस्त्र जप्तीस पात्र ठरते आणि परवाना रद्द झाला असे मानले जाते. आपल्याकडील बहुसंख्य मतदान केंद्रे शाळांतच असतात. म्हणजे इमारत तीच, माणूस तोच आणि बंदूकही तीच. प्रौढ मतदार रांगेत उभे असतात त्या दिवशी दोन वर्षांची शिक्षा आणि परवाना आपोआप रद्द. मुले वर्गात बसलेली असतात त्या उर्वरित दिवसांत कमाल सहा महिने अथवा २,००० रुपये दंड, आणि परवान्याचा निर्णय अधिकाऱ्याच्या विवेकावर. मतदाराच्या निर्भयतेला कायद्याने जे मोल दिले, ते विद्यार्थ्याच्या निर्भयतेलाही द्यावयास हवे होते.

६. अन्य देशांतील अनुभव

अमेरिकेने १९९० मध्ये संघराज्य पातळीवर शाळेच्या १,००० फूट परिघात अग्निशस्त्र बाळगण्यास मनाई करणारा कायदा केला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लोपेझ खटल्यात तो संसदेच्या अधिकारकक्षेबाहेरचा ठरवला. १९९६ मध्ये तो सुधारून पुन्हा करण्यात आला. तथापि ज्याला संबंधित राज्याने पात्रता तपासून परवाना दिला आहे, त्याला या कायद्यातून वगळले आहे. परिणामी परवानाधारकाचा प्रश्न राज्यांकडे जातो. टेक्सासमध्ये २०१५ च्या कायद्याने परवानाधारकांना सार्वजनिक विद्यापीठांच्या आवारात लपवलेले पिस्तूल नेण्याची मुभा मिळाली; तो १ ऑगस्ट २०१६ पासून अमलात आला. आपल्याकडे नेमकी उलट भूमिका आहे : तेथे परवाना हा प्रवेशाचा आधार, येथे परवान्यावरच प्रवेशाची मनाई नोंदलेली.

ब्रिटनमध्ये १३ मार्च १९९६ रोजी डनब्लेन येथील प्राथमिक शाळेत १६ मुले आणि एका शिक्षिकेची हत्या झाली. हल्लेखोराजवळील पिस्तुले परवान्याची होती. त्यानंतर १९९७ मध्ये तेथे खाजगी पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. परवाना म्हणजे निर्धोकतेची हमी नव्हे, हा धडा त्या घटनेने दिला.

७. खरा धोका कोठे आहे?

भारतातील दोन घटनांनी याहून वेगळी बाजू पुढे आणली. ११ डिसेंबर २००७ रोजी गुरगाव येथील एका खाजगी शाळेत आठवीच्या विद्यार्थ्यावर त्याच्याच शाळासोबत्यांनी गोळ्या झाडल्या. २० जानेवारी २०१८ रोजी हरियाणातीलच यमुनानगर येथे बारावीच्या विद्यार्थ्याने प्राचार्यांची हत्या केली. दोन्ही प्रकरणांत वापरलेले शस्त्र वडिलांच्या परवान्याचे होते. परवानाधारक स्वतः शाळेत गेलाच नव्हता. गेले ते त्याचे शस्त्र, आणि तेही त्याच्या मुलाच्या हातून.

परवान्याची अट परवानाधारकाला उद्देशून आहे. 'आवारात नेऊ नये' असे ती सांगते. परंतु घरातील कपाटाची किल्ली मुलाच्या हाती लागते तेव्हा ही अट पुरी पडत नाही. म्हणूनच शस्त्र सुरक्षित ठेवण्याची जी जबाबदारी नियमांनी परवानाधारकावर टाकली आहे, ती शाळेच्या दृष्टीने आवारबंदीइतकीच मोलाची आहे. कोकणातील घरात भिंतीवर टांगलेल्या बंदुकीचा विचार या दृष्टीने आजवर फारसा झालेला नाही.

८. संस्थांनी काय करावे?

संस्थाप्रमुखाला परवाना तपासण्याचा वैधानिक अधिकार नाही. कलम १९ ने तो पोलीस आणि विशेष प्राधिकृत अधिकाऱ्यांना दिला आहे. मात्र आवारात कोणाला प्रवेश द्यावा, हे ठरवणे संस्थेच्या हाती आहे. शिवाय कलम ३६ नुसार या अधिनियमाखालील गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येक व्यक्तीवर, वाजवी सबब नसल्यास, ती पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्याला कळवण्याचे कर्तव्य आहे. शिक्षक आणि प्राचार्य त्यास अपवाद नाहीत. ही बाब ध्यानी घेऊन पुढील उपाय सुचवता येतील.

(अ) आवाराच्या प्रवेशद्वारावर शस्त्रमनाईचा मराठी फलक लावून त्यात परवानाधारकांचा स्पष्ट उल्लेख करावा.
(आ) जेथे कुंपण नाही तेथे शाळेची हद्द निदान खुणेच्या दगडांनी दाखवावी, म्हणजे 'परिसर' या शब्दाची संदिग्धता कमी होईल.
(इ) सार्वजनिक कार्यक्रमाच्या निमंत्रणासोबतच खाजगी सशस्त्र रक्षकांविषयीची अट कळवावी.
(ई) पालकसभेत घरातील शस्त्राच्या सुरक्षित साठवणुकीचा विषय दरवर्षी घ्यावा.
(उ) परवाना देताना व नूतनीकरणाच्या वेळी ही अट परवानाधारकाला मराठीतून समजावून सांगावी, अशी विनंती जिल्हा प्रशासनाला करावी.

९. समारोप

भारतीय कायद्याची या विषयावरील भूमिका निःसंदिग्ध आहे : परवाना असो वा नसो, शाळेच्या आवारात खाजगी शस्त्राला स्थान नाही. मात्र ही भूमिका परवान्याच्या कागदावरील एका अटीत राहून गेली आहे. तो कागद शस्त्रधारकाच्या कपाटात असतो, आणि ज्यांच्या रक्षणासाठी ती अट आहे त्या शिक्षकांना व विद्यार्थ्यांना तो कधी दिसत नाही. ही मनाई अधिनियमाच्या स्वतंत्र कलमात यावी आणि तिच्या भंगाची शिक्षा निदान मतदान केंद्राच्या तरतुदीइतकी असावी, अशी अपेक्षा करणे गैर ठरणार नाही. कायद्यात तसा बदल होईपर्यंत ही अट फाटकावर लिहून ठेवणे तरी प्रत्येक संस्थेला शक्य आहे.